शास्त्रीय संगीताची रेकॉर्डिंगं ऐकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण रोज एकमेकांना ‘आज काय ऐकलं’ ते कळवतो, त्यातूनच हे प्रश्न जमत गेले. नवीन माणूस आला की तेच प्रश्न परत येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. मी गाणारी नाही, ऐकणारी आहे, वडलांच्या स्पूल रेकॉर्डरपासून सुरुवात झाली त्याला आता चाळीसेक वर्षं झाली. एक उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मी अगदीच नवीन आहे, पहिलं रेकॉर्डिंग कुठलं लावू?

किशोरीताई आमोणकरांचा भूप. एलपीच्या एका बाजूला बागेश्री आणि दुसऱ्या बाजूला हा भूप, विलंबित (संथ लयीतली) ‘प्रथम सूर साधे’ आणि त्याला जोडून ‘सहेला रे’. भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध, त्यामुळे नवीन कानाला गर्दी वाटत नाही आणि एलपीची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटांचा मामला, तेवढं कुणालाही बसवतं. पण एक अट आहे, आठवडाभर रोज हेच ऐकायचं, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी नुसतं छान वाटतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण पुढची जागा यायच्या आधीच तिची वाट बघायला लागतो, आणि तिथून पुढे कुणी काही शिकवायला लागत नाही. पहिल्याच आठवड्यात पंधरा गवय्यांचे पंधरा राग ऐकलेले लोक मला भेटतात, त्यांना एकही आठवत नसतो.

वाद्यांकडे ओढ असेल तर १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ लावा, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार.

२. मला राग ओळखता येत नाही, तरी ऐकलं तर चालेल ना?

चालेल म्हणजे काय, तसंच ऐका. राग ओळखणं हे ऐकण्याचं फळ आहे, प्रवेश परीक्षा नाही.

३. मी ‘भीमसेनजींचा यमन ऐकतोय’ एवढं कळवलं तर तुम्ही उलट इतके प्रश्न का विचारता?

कारण एवढ्या माहितीवर मला ते सापडत नाही हो! भीमसेनजी आयुष्यभर यमन गायले, स्टुडिओत, रेडिओवर, गावोगावच्या मैफलींत, त्यातला तुमचा कुठला? तुम्हाला ज्या जागेनं रडू आलं ती जागा मला ऐकायची असते आणि मी भलतंच रेकॉर्डिंग लावून बसते.

म्हणून कळवताना बंदिशीचा मुखडा (परत परत येणारी पहिली ओळ) लिहा, हा सगळ्यात उपयोगी, रागाच्या नावापेक्षाही. मग ताल, विलंबित आहे की थेट द्रुत (जलद), तबल्यावर कोण, हार्मोनियम आहे की सारंगी, साधारण किती मिनिटांचं, आणि ते मुळात काय आहे, ७८ ची रेकॉर्ड (प्रश्न ४), एलपी, कॅसेट, आकाशवाणी का कुणाच्या घरची बैठक. यातलं जे माहीत नसेल ते सोडून द्या, अंदाजाने भरू नका, चुकीची साथ एकदा लिहिली गेली की ती दहा ठिकाणी कॉपी होते आणि त्या बिचाऱ्या खऱ्या तबलजीचं नाव कायमचं पुसलं जातं. जुन्या एलपींच्या कव्हरवरसुद्धा कितीदा साथीदारांची नावं छापलेली नसत, मला याचं फार वाईट वाटतं.

४. जुन्या रेकॉर्डी तीन-सव्वातीन मिनिटांच्याच का? एवढ्यात ख्याल कसा काय होतो?

दहा इंची लाखेची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, तिच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं, बारा इंचीवर थोडं जास्त. म्हणजे मर्यादा तबकडीची होती, गवय्याची नाही. मैफलीत तासभर राग मांडणारा माणूस त्या तीन मिनिटांसाठी सगळी मांडणीच नव्याने करायचा. आलाप दोन-चार वाक्यांत, मुखडा असा नेमका की राग उभाच राहिला पाहिजे, अंतरा, बोलतान, शेवटी दोन-तीन घट्ट ताना आणि संपलं. यात भरताड घालायला जागाच नाही.

फैयाज खाँसाहेबांचा नट बिहाग ऐका, ‘झन झन झन झन पायल बाजे’, किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’. ही दुसरी रेकॉर्ड लहानपणी ऐकून भीमसेनजी गाण्याच्या मागे लागले हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. तीन मिनिटांत एवढी ताकद! खाँसाहेब मिरजेचे झाले, १९३७ मध्ये प्रवासात असताना दक्षिणेत गेले आणि मिरजेतच त्यांना दफन केलं, पण ती ‘पिया बिन’ची पहिली हाक आजही लावली की खोलीतलं बोलणं थांबतं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीसुद्धा हातातलं काम ठेवून उभ्या राहिल्यात.

आणखी एक लक्षात ठेवा, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्याकडे माईक नव्हता, भोंग्यात तोंड घालून मोठ्यानं गावं लागायचं. त्यामुळे त्या काळातल्या रेकॉर्डीत बारीक आवाजातलं, हळुवार काही जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘जुने लोक ओरडून गायचे’ असं जे म्हणतात त्यांनी आधी तो भोंगा आठवावा.

५. काही रेकॉर्डींच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव का सांगते?

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या इथे बनत नव्हत्या, मेणावरचं मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तिथल्या कारागिरांना हे कोण गातंय ते कसं कळणार, म्हणून शेवटी ‘माय नेम इज गौहर जान’ अशी घोषणा. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला, तरी नाव सांगायची रीत काही काळ राहिलीच. माझ्या दृष्टीनं ती घोषणाही गाण्याचाच भाग आहे, ती कापून अपलोड करू नका प्लीज.

६. खरखर फार आहे, साफ केलेली आवृत्ती ऐकू का?

दोन्ही शेजारी लावून बघा. सॉफ्टवेअरने खरखर काढताना तिच्यासोबत वरच्या पट्टीतले सगळे बारीक नादही जातात, तानपुऱ्याची जवारी (तारांची ती झणझणती गुंज) जाते, आवाजाची धार जाते आणि गवई रजईखालून गातोय असं वाटायला लागतं. हलकी सफाई असेल, नुसते टकटक आवाज काढलेले असतील तर ती चांगली. जोरात घासलेली नको. खरखरीची सवय होते, दोन-तीन मिनिटांनी कान तिला बाजूला करतोच, पण गेलेली जवारी परत येत नाही.

केसरबाई केरकरांच्या रेकॉर्डींवर हे लगेच कळतं, नट कामोद लावा, ‘नेवर बाजो रे’. त्यांचा आकार (‘आ’ लावून गाणं) इतका भरीव आणि खुला आहे की जास्त साफ केलेल्या फाइलीत तो एकदम सपाट होतो.

७. महागडे हेडफोन, अँप्लिफायर वगैरे लागतं का?

नाही. फक्त फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज गायबच होतो आणि खालचा षड्ज नसेल तर वरचं सगळं अधांतरी. साधे वायरवाले इअरफोन पुरतात.

८. तेच रेकॉर्डिंग दोन ठिकाणी वेगळ्या सुरात कसं काय ऐकू येतं?

वेग! वेग साधारण सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वरानं चढतो, काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये (हार्मोनियमवरच्या शेजारच्या पट्ट्या) गाताना ऐकू येतो. ७८ हा आकडा पक्का व्हायच्या आधी तबकड्या थोड्या कमी-जास्त वेगानं कोरल्या जायच्या, आणि नंतर सगळ्याच सरसकट ७८ वर वाजवून डिजिटल केल्या. कॅसेटचं वेगळं, सेल उतरत आलेले असताना रेकॉर्ड केलेली कॅसेट चांगल्या मशीनवर लावली की सगळं चढं आणि घाईचं. आणि हल्ली काही जण कॉपीराइटची पकड चुकवायला मुद्दाम सूर हलवून अपलोड करतात.

राग त्यानं बदलत नाही कारण सगळेच स्वर सारखे सरकतात, पण आवाजाचा पोत बदलतो, लय बदलते, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) उगाच चपळ वाटते. त्या गायकाची पट्टी दुसऱ्या रेकॉर्डिंगवरून माहीत असेल तर ताडून बघा. मात्र वयानुसार पट्टी खरोखरच उतरते हेही धरा, आणि गंगूबाई हनगलांसारखी उदाहरणं आहेत, सुरुवातीच्या रेकॉर्डींत आवाज उंच आणि बारीक, पुढे घशाच्या त्रासानंतर तोच भारदस्त झाला. तिथे मशीनला दोष देऊ नये.

९. अल्लादिया खाँसाहेबांचं एखादं रेकॉर्डिंग मिळेल का?

नाही मिळणार. जयपूर घराण्याचे प्रवर्तक असलेल्या खाँसाहेबांनी (१८५५–१९४६) रेकॉर्ड काढू दिली नाही. ‘माझ्याकडे आहे’ असं सांगून कुणी काही पाठवलं तर विश्वास ठेवू नका.

मग त्यांचं गाणं ऐकायचं कसं, तर शिष्यांतून. केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, आणि खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. मी एकदा महिनाभर फक्त हे तिघंच ऐकले, जिथे तिघंही एकाच तऱ्हेनं समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतात, श्वास न मोडता लयीला लगटून आवर्तन (तालाचा एक फेरा) भरत नेतात, तिथे मागे कुणीतरी एकच माणूस उभा आहे हे जाणवायला लागतं. मन्सूरअण्णा आधी ग्वाल्हेर घराण्याचं शिकले होते, त्यामुळे त्यांच्यात दोन्ही मिसळलंय, तेवढं मनात धरून ऐका.

१०. केसरबाईंचं गाणं खरंच अंतराळात गेलंय का, का फॉरवर्डवाली गोष्ट आहे ती?

खरंच गेलंय. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एक सोनेरी तबकडी आहे, त्यात जगभरच्या संगीतात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, जेमतेम साडेतीन मिनिटं. व्हॉयेजर एक ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गोव्यातल्या केरी गावची मुलगी आणि तिचा आवाज सूर्यमालेबाहेर, मला आजही हे लिहिताना अंगावर काटा येतो. फॉरवर्ड वाचून थांबू नका, ती भैरवी ऐका.

११. रेकॉर्डिंग कुठल्या काळातलं आहे ते कसं ओळखायचं?

पक्कं नाही पण पुष्कळ अंदाज बांधता येतो. पहिलं म्हणजे लांबी: सव्वातीन मिनिटं असेल तर ७८, वीस-पंचवीसच्या आसपास थांबत असेल तर एलपीची बाजू, तीस-पंचेचाळीसला मधेच तुटत असेल तर कुणीतरी कॅसेट उलटली. दुसरं, सीडीच्या किंवा ॲपवरच्या वर्षावर जाऊ नका, ते पुन्हा बाजारात आणल्याचं वर्ष असतं, गाणं तीस-चाळीस वर्षं जुनं असू शकतं. जुन्या एचएमव्ही एलपीचा नंबर दिसत असेल तर ईएएलपी म्हणजे मोनो आणि ईएएसडी म्हणजे स्टिरिओ, म्हणजे नंतरची.

आणि माझी आवडती खूण हार्मोनियमची. आकाशवाणीनं १९४० पासून जवळजवळ तीन दशकं हार्मोनियमवर बंदी घातली होती. तेव्हा ‘आकाशवाणी, १९५५’ असं लिहिलेल्या फाइलीत स्वच्छ हार्मोनियम वाजत असेल तर काहीतरी गडबड आहे, एकतर वर्ष चुकलंय नाहीतर ती मुळात खाजगी मैफल आहे. उलटं मात्र धरू नका, सारंगी आहे म्हणून ते रेडिओचंच असं नाही, कितीतरी गवय्यांना मैफलीतही सारंगीच लागायची.

१२. लेबलवर एक राग लिहिलाय आणि मला दुसराच वाटतोय, कोण बरोबर?

कधी तुम्ही, कधी लेबल, कधी दोघंही. तीन वेगवेगळ्या गोष्टी इथे एकत्र येतात.

सरळ चूक झालेली असते, विशेषतः एकाच स्वरांच्या रागांत. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच, पण देसकार सकाळचा आणि धैवताभोवती फिरणारा. मारवा, पूरिया, सोहनी यांचेही स्वर तेच, मारव्यात रिषभ-धैवताचा जोर, पूरियात गंधार-निषादाचा आणि वावर खाली, सोहनी वरच्या षड्जाकडे धावणारी. अपलोड करणाऱ्यानं स्वर मोजून नाव दिलं की हमखास चुकतं.

दुसरं, घराण्याचा फरक. ललत घ्या, संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी तो मारवा थाटात (स्वरांवरून केलेल्या रागांच्या एका वर्गात) घातला म्हणजे धैवत शुद्ध, आणि आज बहुतेक जण कोमल धैवत लावतात. आसावरी ग्वाल्हेरकडे शुद्ध रिषभाची, दुसरीकडे कोमल रिषभाची. यात चूक कुणाचीच नाही, पुस्तक उघडून गवय्याला दुरुस्त करायला जाऊ नका.

तिसरं, जोडराग (दोन राग मिसळून झालेले) आणि अनवट (क्वचित गायले जाणारे) राग. जयपूरवाल्यांचा ललिता गौरी किंवा कुमारजींनी (कुमार गंधर्वांनी) बांधलेला लगनगंधार पहिल्यांदा ऐकताना ओळखीचा एखादा तुकडा ऐकू येतो आणि आपण त्याचंच नाव ठोकून देतो. पूर्ण ऐका, परत ऐका, मग बोला.

शंका राहिलीच तर मुखडा लिहून पाठवा (प्रश्न ३).

१३. सकाळचा राग रात्री ऐकला तर काही बिघडतं का?

बिघडत नाही. रात्रपाळी करून सकाळी सहाला घरी येणारा माणूस दरबारी ऐकणार नाही तर काय करेल? अमेरिकेत असलेला माझा भाऊ विचारतो की वेळ तिथली धरायची का पुण्यातली, तर जिथे तुम्ही आहात तिथलं आभाळ धरा.

पण एकदा तरी वेळेवर ऐका. सूर्य मावळताना मारवा लावून गच्चीत बसा, त्या कोमल रिषभाची बेचैनी कुणी समजावून सांगावी लागत नाही.

१४. स्टुडिओतलं चांगलं की मैफलीचं?

मला मैफलीचं जवळचं वाटतं, खोकले, चमचे, मधेच कुणाची ‘क्या बात है’, सगळ्यासकट. स्टुडिओत गवई घड्याळाकडे बघून गातो, मैफलीत समोरच्या माणसाकडे बघून. एखादी जागा घेतल्यावर दाद येते आणि तो तीच जागा आणखी पुढे नेतो, हे स्टुडिओत कुठून होणार. १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव होतोय, तिथे बसून ऐकलेलं गाणं नंतर टेपवर ऐकलं की शेजारच्या माणसाची मान हलताना दिसते.

पण स्टुडिओला कमी लेखू नका. कुमारजींच्या किंवा अमीर खाँसाहेबांच्या एलपींमध्ये एकही स्वर फुकट गेलेला नाही, वीस मिनिटांत राग कसा बांधायचा याचा तो वस्तुपाठ आहे, आणि तानपुरे इतके स्वच्छ मैफलीत क्वचितच मिळतात.

१५. माझ्याकडे एका खाजगी मैफलीचं रेकॉर्डिंग आलंय, सगळ्यांना पाठवू का?

थांबा जरा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला आपल्याकडे ६० वर्षांचं संरक्षण आहे, प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायचं, म्हणजे १९६० ची तबकडी असेल तर २०२० संपताना मुदत संपली. खाजगी बैठकीचं तसं सरळ नाही, ते कधी प्रसिद्धच झालेलं नसतं आणि गाणाऱ्याचे स्वतःचे हक्क असतात.

कायद्याच्याही आधी एक माणुसकीची गोष्ट आहे. कितीतरी गवय्यांनी ‘हे घरातच ठेवा’ म्हणून रेकॉर्ड करू दिलेलं असतं, आवाज बसलेला असतो, तब्येत बरी नसते. कुटुंबातलं कुणी असेल तर विचारा, शिष्यांना विचारा. नाही म्हणाले तर नाही. मी स्वतः एक सुंदर बागेश्री अशीच कुणालाही पाठवलेली नाही.

१६. आजोबांच्या रेकॉर्डी, कॅसेटी, स्पूल सापडलेत माळ्यावर, काय करू?

पहिलं म्हणजे भंगारवाल्याला देऊ नका. दुसरं, ७८ च्या रेकॉर्डी स्पिरिटनं पुसू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. माझ्या वडलांच्या बारा रेकॉर्डी एका दुकानदारानं ‘चकाचक करून देतो’ म्हणून स्पिरिटनं पुसल्या, चर पांढरे पडले, त्यातल्या दोन मला परत कुठेही मिळाल्या नाहीत. कोरडा मऊ ब्रश, फार तर किंचित ओलसर कापड, लेबलला पाणी लागू न देता, आणि लगेच कोरडं करायचं.

७८ च्या रेकॉर्डीला एलपीची सुई चालत नाही, चर रुंद असतात, वेगळी सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी सुई दर बाजूला बदला, झिजलेली सुई चर खरवडते. ठेवायच्या उभ्या, एकावर एक रचल्या की खालच्या तडकतात.

कोकणातल्या, गोव्यातल्या घरांत कॅसेट आणि स्पूलवर बुरशी येते, पांढरी पावडर दिसली तर घरी वाजवूच नका, जाणकाराकडे न्या. ठीक दिसत असेल तरी आधी कॅसेटच्या मागच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या तोडा म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही, आणि पहिल्यांदा वाजवतानाच कॉपी करत वाजवा, दुसरी संधी मिळेलच असं नाही. कॉपी एमपी३ मध्ये नको, वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये. डब्यावर आजोबांच्या अक्षरात जे काही लिहिलंय त्याचा फोटो काढा, तारीख, गाव, तबलजी, त्या चिठोऱ्यावर अशी माहिती असते जी दुसरीकडे कुठेच नसते.

संग्राहकांशी बोलायचं असेल तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, ही मंडळी मनापासून मदत करतात.

१७. सध्या तुम्ही स्वतः काय ऐकताय?

प्रश्न ३ प्रमाणे लिहिते. राग मारवा, उस्ताद अमीर खाँ, १९६० च्या एचएमव्ही एलपीची एक बाजू, दुसऱ्या बाजूला दरबारी. विलंबित ‘पिया मोरे अनत देस’, झुमरा, मग द्रुत तीनतालात ‘गुरु बिन ज्ञान न पावे’. गेले अकरा दिवस रोज संध्याकाळी. तो चौदा मात्रांचा झुमरा इतका संथ आहे की पहिले काही दिवस मी समेची वाट बघून थकत होते, आता वाट बघत नाही, आणि षड्ज टाळत टाळत खाँसाहेब रिषभ-धैवतातच रेंगाळतात तेव्हा मीही तिथेच असते. ते षड्जावर येऊन खरे टेकतात तोवर आमच्या खिडकीतला उजेड गेलेला असतो.

सोमवारपासून वसंतराव देशपांड्यांचा मारवा लावणार आहे. कुणाकडे मैफलीतला असेल तर कळवा, मुखडा आणि तबल्यावर कोण ते लिहून.